कपडेपट चोख, दागिने मात्र घरचेच न्या

सांगलीत नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या बहुतेक दुकानांत शाळेच्या गॅदरिंगचाच माल दिसतो. मावळे, कृष्ण, कोळीण, झाशीची राणी. आमच्या बायकांच्या गटाने जुन्या काळच्या नट्यांवर पाऊण तासाचा प्रयोग बसवला होता. कमलाबाई गोखले, हिराबाई बडोदेकर आणि ज्योत्स्ना भोळे अशा तिघी. त्यासाठी लागणारं काही मिळेल अशी आशा फार नव्हती, म्हणूनच या दुकानाबद्दल सविस्तर लिहिते आहे.

दुकानाच्या काकांनी आमची यादी न वाचताच गठ्ठा सोडला. जरीचे शालू, मखमली चोळ्या, बाजूबंद. "नाटकवालीचा रोल हाय न्हवं ताई? मग झगमग पायजेच की." त्यांचं तसं चुकत नव्हतं. बालगंधर्वांच्या शालूंची वर्णनं आमच्याकडच्या जुन्या मंडळींना अजून तोंडपाठ आहेत. पण आमची गोष्ट त्या शालूनंतरची होती. १९३३ साली मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आलं, तेव्हा पडदा उघडल्यावर साधा दिवाणखाना दिसला आणि बाईच्या भूमिकेत खरोखरची बाई. ज्योत्स्नाबाई मूळच्या गोव्याच्या, नुकतं लग्न झालेलं, वय एकोणीस. त्यांना जरतारी नेसवली की सगळी मजाच गेली. लोकांना खुपायचं ते हेच, की आपल्या घरातल्यासारखी दिसणारी बाई परपुरुषाशेजारी उभी राहून बोलते. शालू नेसलेल्या पुरुषाबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती!

हे मी काउंटरवर जरा आवाज चढवूनच सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, मुलाला माळ्यावर चढवलं आणि एक पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. आत सुती पाचवारी, बारीक काठाच्या, दोन इरकली आणि फुग्याच्या बाह्यांचे ब्लाऊज. हा माल गॅदरिंगला जात नाही, म्हणून धूळ खात पडलेला. ब्लाऊज आमच्यापैकी कुणालाच बसेनात, पण प्रत्येकाच्या शिवणीत दोन-दोन बोटं माया ठेवलेली होती. काकूंनी मागच्या मशीनवर बसून तिथल्या तिथे उसवून वाढवून दिले, वेगळे पैसे न घेता. 'कुलवधू'तल्या भानुमतीसाठी असाच ब्लाऊज आम्हाला हवा होता. १९४२ चं ते नाटक. त्यातली नायिका स्वतःच नटी, आणि बायकोचं नाव मोठं झालेलं नवऱ्याला सोसवत नाही. आमच्या तालमीत त्या प्रवेशाला सगळ्याच जणी गप्प व्हायच्या. असो.

खरी कसोटी कमलाबाईंच्या पोशाखाची होती. त्यांच्या आई दुर्गाबाई कामत नवऱ्याचं घर सोडून लेकीला घेऊन नाटक कंपनीत आल्या, आणि १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' चित्रपटात आई पार्वती झाली, लेक मोहिनी. त्याच वर्षीच्या 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना बाई मिळाली नव्हती, साळुंके या पुरुष नटाने तारामती केली होती. जातीतल्या लोकांनी दुर्गाबाईंना वाळीत टाकलं. कमलाबाईंनी पुढे रंगभूमीवर पुरुषांच्याही भूमिका केल्या, म्हणून आम्हाला धोतर, अंगरखा, पगडी असा पूर्ण संच हवा होता. दुकानातल्या सगळ्या पगड्या पुरुषांच्या डोक्याच्या, आणि आमच्या कमलाबाईचे केस कमरेपर्यंत. आंबाड्यावर पगडी बसवली की ती टोपलीसारखी तरंगायची. काकूंनी दोन वेण्या घालून त्या डोक्याभोवती चपट्या गुंडाळल्या, आकडे खोचले, वर सुती पट्टी बांधली आणि मग पगडी चढवली. प्रयोगात मान झटकायची होती तिथे आम्ही सगळ्या विंगेत श्वास रोखून उभ्या होतो. हलली नाही.

हिराबाईंसाठी पांढरी साडी आणि खांद्यावरून नीट घेतलेला पदर एवढंच केलं. त्या मोठ्या गायिका, शेजारच्या मिरजेतच जन्मलेल्या, १९२९ मध्ये स्त्री-पुरुष एकत्र काम करतील अशी स्वतःची नाटक कंपनी काढणाऱ्या. त्यांच्या वेळी बोलायचं काम फक्त तंबोऱ्याचं.

आणखी एक गोष्ट. आमच्यातल्या एकीच्या सासरी नाटकाचं कळलं तर रामायण झालं असतं, घरी 'भजनी मंडळात जाते' एवढंच माहीत. पिशवी घरी नेण्याची सोय नाही. काकांनी काही न विचारता तिचा संच एका खुंटीला चिठ्ठी लावून ठेवला, प्रयोगाच्या दिवशी ती परस्पर थिएटरवर घेऊन गेली आणि परतही तिथूनच आला. त्या मधल्या दिवसांचं भाडं लावलं नाही.

आता तक्रारी. कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास इतका की पहिल्या रांगेपर्यंत जात असेल, आदल्या दिवशी नेऊन वाऱ्यावर टाका. अंगरख्याचे बंद तुटके होते, सुई-दोरा जवळ ठेवा. कपडे घालून बघायला खोली नाही, दोन कपाटांच्या मध्ये पडदा आहे आणि तोही आखूड. निम्मं गिऱ्हाईक बायकांचं असताना एवढं तरी करायला हवं, हे मी काकूंनाही सांगितलं. गंगावनं रंग उडालेली, दागिने अगदीच पत्र्याचे. आम्ही ठुशी आणि बांगड्या घरून नेल्या.

भाडं साडी-ब्लाऊजला २५०, पगडीसह पुरुषी संचाला ४००, अनामत २०००. अनामत परत मिळते, पण पावती मागून घ्या. दुपारी एक ते चार दुकान बंद, तेव्हा फोनही उचलत नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरात स्पर्धा आणि गॅदरिंगची झुंबड एकदमच उडते. माळ्यावरची ट्रंक हवी असेल तर दिवाळीच्या आधीच सांगून ठेवा, आणि सुती साड्या असं स्पष्ट म्हणा, नाहीतर काका पुन्हा शालूच काढतील.