माझं गर्भाशय २०१६ सालीच काढलंय, तरी त्या मशीनला ते सापडलं!

आधीच सांगते, मी अडाणी नाही. बँकेत २९ वर्षं काढली, त्यातली निम्मी कॅशवर. खोटी नोट नुसती हाताला कळायची. तरी 'नस तपासणी'च्या एका मशीनपायी ५८,९९९ रुपये घालवून बसले.

गेल्या श्रावणात सुरू झालं. आधी पायांना मुंग्या, मग तळव्याखाली कापूस ठेवल्यासारखं. पर्वती उतरताना डाव्या पायातली चप्पल निसटली, ते मला कळलंच नाही. चार पायऱ्यांनंतर मागून एक बाई ओरडल्या, "अहो, चप्पल राहिली तुमची!" बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा. डोक्याचा एमआरआय केला, ७,५०० रुपये, नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले पाळी गेल्यामुळे होतंय, दुसरे म्हणाले टेन्शन. तिसऱ्यांनी झोपेची गोळी लिहिली आणि यांच्याकडे बघून हसले. सगळीकडे "काही नाही" ऐकून आलेल्या माणसाला "आहे" म्हणणारा पहिला जो भेटतो ना, तो देव वाटतो. ज्याच्यावर ही वेळ आली नाही त्याने मला शहाणपण शिकवू नये.

हा देव सिंहगड रोडला, आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये भेटला. "संपूर्ण नस तपासणी ७९९ रुपयांत." नाव नणंदेने नोंदवलं होतं. ते मशीन तुम्हाला ठाऊक असेलच. हातात धातूची दांडी धरायची, मिनिटभरात लॅपटॉपवर रंगीत पट्ट्या आणि ३८ पानी रिपोर्ट. दांडी देण्याआधी तिथल्या मुलीने वय, उंची, वजन विचारून टाइप केलं होतं. दांडीऐवजी लाटणं धरलं असतं तरी तोच रिपोर्ट निघाला असता, असं आता वाटतं.

पान ११. "गर्भाशय: मध्यम सूज."

माझ्या पोटावर टाके आहेत. मी बोललेसुद्धा! पांढरा कोटवाला जरासुद्धा चपापला नाही. "ताई, अवयव जातो, त्याची ऊर्जा राहते. तीच तुमच्या नसांवर येतेय." आणि मी मान डोलावली. कॅशवर असते तर अशी नोट तिथल्या तिथे बाजूला काढली असती. पण त्याच्या आधी तो म्हणाला होता, "खूप त्रास होतोय, आणि घरात कुणाला पटत नाही, हो ना?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग कसलं पान ११!

६०,००० चं पॅकेज "आजच भरलंत तर" ४२,०००, एकवीस सिटिंग. कॅप्सूलचे तीन डबे, ४,६५० प्रमाणे १३,९५०. चपलेत घालायचे चुंबकाचे सोल २,२५०. वर ते ७९९. बेरीजसुद्धा सेलच्या पाटीसारखी. पैसे यूपीआयने, तेही केंद्राच्या नाही, कुणा बाईच्या खात्यावर. असं कुणी सांगितलं की तिथूनच उठा. सिटिंगला पाय मिठाच्या पाण्यात, त्यात वायर. पाणी तपकिरी झालं की "बघा, विष निघतंय." विष कसलं, वायरीच्या टोकाला पाण्यात सोडलेल्या लोखंडी पट्टीचा गंज तो.

यात चार महिने गेले. शेवटी मुलाने मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी नादकाटा वाजवून घोट्यावर टेकवला. "कंप जाणवतोय?" नव्हता जाणवत. डोळे मिटून उभं केलं, मी झोकांडले. दहा मिनिटांत त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. बी-१२ निघालं ११८, हवं किमान २०० च्या आसपास. आम्ही शाकाहारी, त्यात मी सहा वर्षं रोज ॲसिडिटीची गोळी घेणारी. त्या गोळीने बी-१२ नीट शोषलं जात नाही. तपासणीचे ८५० रुपये झाले. कॅप्सूलच्या डब्यावर फॉलिक ॲसिड लिहिलेलं पाहून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. मुंग्या येत असतील तर आधी बी-१२, साखर आणि थायरॉइड बघून घ्या.

मग तक्रारीची वारी. चौकीत हवालदार म्हणाले, "मॅडम, पैसे तुम्हीच दिलेत ना? जबरदस्ती केली का कुणी?" साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी साहेब भेटले, तर "हे मेडिकल मॅटर, आरोग्यवाल्यांकडे जा." तिथे विचारलं, "डॉक्टर नोंदणीकृत आहे का?" नाही. "मग आमच्याकडे येत नाही." म्हणजे खरा डॉक्टर चुकला तर नोटीस, आणि डॉक्टरच नसलेला मोकळा! नोंदणीशिवाय वैद्यकी करणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगायचं? सांगितलं. "लेखी द्या." दिलं. "पोच उद्या मिळेल." तो उद्या अजून उगवतोय. सायबरवाले म्हणाले, तुम्ही समोर बसून पैसे दिलेत, ही ऑनलाइन फसवणूक नाही. पावतीवर "वेलनेस सल्ला" आणि ३८ व्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत "हे वैद्यकीय निदान नाही". साहेबांना नेमकं तेवढंच दिसलं, चष्म्याशिवाय.

आता जिल्हा ग्राहक आयोगात गेले आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पावती, डबे, मेसेज, काही टाकू नका. मी चिडून दोन डबे घंटागाडीत टाकले, वकील अजून त्यावरून बोलतात.

इंजेक्शनं चालू आहेत. उजवा पाय सुधारलाय, डाव्याची चप्पल अजून निसटते. नणंद परवा म्हणाली, "पण वहिनी, मला मात्र त्या सोलने फरक पडला हं."