ई खाली, जी वर : कोल्हापुरात डबल बेस दुरुस्त करून घेतला त्याचा रिव्ह्यू

डबल बेस म्हणजे व्हायोलिनचा माणसाएवढा थोरला भाऊ. आधी सांगतो, दुकानाला पाटी नाही, गुगलवर सापडणार नाही आणि मिस्त्रींनी स्वतःच सांगितलंय की नंबर कुठं टाकू नका, आहे ती कामं संपेनात. मंगळवार पेठेत एका बोळात जुन्या वाड्याच्या खालच्या खोलीत बसतात. पेठेत कुणालाही पेटी दुरुस्तीवाले मिस्त्री कुठं बसतात विचारा, दारापर्यंत आणून सोडतील. मुख्य काम पेट्या, तंबोरे, सतार आणि व्हायोलिन. तरुणपणी मिरजेत तंतुवाद्यांच्या कारखान्यात काम शिकले, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्याची पेपरातली बातमी कापून भिंतीवर चिकटवलीय.

आता माझं दुखणं. माझ्याकडं एक जुना थ्री-क्वार्टर मापाचा डबल बेस आहे, गोव्यातनं सेकंडहँड घेतलेला, आत लेबल नाही. वरची तबली, म्हणजे पुढची फळी, सॉलिड स्प्रूस लाकडाची, मागची पाठ आणि बाजू प्लायच्या. ऑर्केस्ट्रात, कधी लग्नाच्या रिसेप्शनला, कधी चर्चमध्ये ख्रिसमसला असा वाजवतो. गेल्या पावसाळ्यात जुलैमध्ये लक्षात आलं की जी तार, म्हणजे सगळ्यात बारीक, वर चाललीय आणि ई तार, सगळ्यात जाड, खाली. फिंगरबोर्डच्या, म्हणजे तारा दाबायच्या फळीच्या, टोकाशी तारांची उंची मोजली तर जी अकरा मिलीमीटर आणि ई सहा. नेहमी बरोब्बर उलटं असतं, जी सहाच्या आसपास आणि ई नऊ दहा, कारण जाड तारेला हलायला जागा जास्त लागते. जी दाबून दाबून बोटं सोलली, आणि ईवर जरा जोरात बो (गज) मारला की तार फिंगरबोर्डवर फाड फाड आपटायची.

मी काय केलं तर शहाणपणा. एका फर्निचरवाल्या सुताराला दाखवला, तो म्हणाला घोडी वाकडी झालीय, आणि त्यानं त्या घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या ब्रिजचा, जीकडचा पाय खालनं घासून दिला. वर नेक म्हणजे मान जरा हलतेय म्हणून हीलमधनं, मानेच्या बुडातनं, एक स्क्रू मारला आणि फटीत सुतारकामाचा पांढरा ग्लू ओतला. पंधरा दिवस बरं वाटलं. मग पुन्हा तेच, शिवाय आता आतनं कुठनं तरी खर्र असा आवाज. चूक त्याची म्हणत नाही मी, त्यानं आयुष्यात बेस बघितला नव्हता, मीच नेला.

मग मित्राच्या ओमनीतनं मिस्त्रींकडं. सहा फुटी वाद्य ओमनीत घालणं हा वेगळा विषय आहे, मागची सीट काढावी लागते आणि मान ड्रायव्हरच्या खांद्यावर येते. बोळात उतरवला तर चार पोरं जमली, एकानं विचारलं काका हा कुणाचा तंबोरा, भीमाचा काय?

मिस्त्रींनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "व्हायोलिनं शेकड्यानं केली, सेलो दोन, ह्यो थोरला आजवर एकदाच उघडलाय. चालतंय का बघा." मला हे लय आवडलं. पुण्यामुंबईत फोन केले होते तिथं सगळे न बघताच आकडे सांगत होते.

आणि इथनं पुढचे दोन तास त्यांनी एकही हत्यार लावलं नाही. नुसतं बघणं आणि ऐकणं. पाच स्टार कशाला देतोय विचाराल तर ह्या दोन तासांना.

आधी बोटाच्या पेरानं सगळ्या कडेनं टकटक करत गेले, एक एक इंच. जिथं जोड धरून आहे तिथं ठोस आवाज, सुटलाय तिथं पत्र्यासारखा दुहेरी आवाज. खालच्या बाजूला जवळजवळ वीतभर जोड सुटलेला सापडला, तिथं पातळ सुरीचं पातं अलगद आत गेलं. मग खोलीचं दार लावून अंधार केला, एफ-होलमधनं, म्हणजे तबलीवरच्या भोकातनं, एलईडीची माळ आत सोडली, दिवाळीतली असते ती. बाहेरनं कडेला कुठं कुठं उजेडाची रेघ दिसते ते खडूनं मार्क केलं. मला वाटलं होतं एक फट असेल, चार निघाल्या. मी म्हटलं एवढं सुटलं म्हणजे कामातनं गेला, तर म्हणाले उलट बरं झालं. सरसाचा जोड मुद्दाम लाकडापेक्षा कच्चा ठेवत्यात, दमटपणानं लाकूड फुगलं आकसलं की जोड सुटतो आणि तबली वाचते. जोड पक्का असता तर तबली फाटली असती.

मग नेक. हीलच्या मागच्या बाजूला, बटनाजवळ, म्हणजे पाठीचं टोक मानेला टेकतं तिथं, साध्या वहीच्या कागदाची पट्टी घातली. तारा ताणलेल्या असताना पट्टी आत गेली. चारी तारा ढिल्या केल्या, परत घातली तर जाईना. म्हणजे तारा ओढल्या की मान पुढं झुकते आणि मागं तोंड उघडतं. चार स्टीलच्या तारांचा ताण मिळून शंभर किलोच्या वर जातो, तो सगळा मान बसते त्या एका खाचेवर, आणि खाचेत काय तर स्क्रू आणि पांढरा ग्लू. मान पुढं झुकली की तारा वर जातात, हे मलाही माहीत होतं. पण मग ई खाली का?

ह्याचं उत्तर त्यांनी स्टीलची पट्टी तबलीवर आडवी ठेवून दाखवलं. ब्रिजच्या ईकडच्या पायाखाली तबली बसलीय, खड्डाच, डोळ्यानं दिसत नव्हता पण पट्टीखाली सरळ उजेड दिसत होता. जीकडच्या पायामागं आत साउंडपोस्ट उभा असतो, ती काठी तबलीला पाठीवर टेकवून धरते. ईकडच्या पायाखाली मात्र काठी नसते, तिथं आतनं तबलीला लांबोडकी पट्टी चिकटवलेली असते, बेसबार. दातांच्या डॉक्टरसारखा आरसा काडीला बांधून एफ-होलमधनं घातला आणि मला बघायला दिला, बेसबारचं खालचं टोक वीतभर सुटून लोंबत होतं. खर्र आवाज तोच. तबलीला आधार नाही म्हणून ती बसली, तिच्याबरोबर ब्रिज कलंडला आणि ई खाली आली.

"दोन रोग हायत, आणि एकानं दुसऱ्याला झाकलंय. मान म्हणत्या तारा वर, तबली म्हणत्या तारा खाली. तुमी मधी घोडी घासून बसला."

खरं सांगायचं तर मी गप्पच झालो. मान एकटी गेली असती तर चारी तारा वर गेल्या असत्या आणि मला महिनाभर आधी कळलं असतं.

कामाबद्दल थोडक्यात. तबली उघडली, जुना सरस होता तिथं गरम पाण्यात बुडवलेली सुरी घातली की जोड आपोआप सुटत गेला. जिथं पांढरा ग्लू होता तिथं मात्र लाकडाचे धागे घेऊनच निघाला, ते भरायला वेगळे दोन दिवस आणि वेगळे पैसे. हा माझ्या शहाणपणाचा दंड. बेसबार नवा घातला नाही, जुनाच चांगला होता म्हणून साफ करून बसवला. बसवताना तबलीच्या आतल्या बाजूला खडू फासायचा, बार टेकवायचा, उचलायचा, जिथं खडू लागला तिथं रंधा कानशीनं इवलंसं घासायचं, परत टेकवायचा, असं करत पूर्ण लांबीभर खडू लागेपर्यंत. मी बसलो होतो त्या दुपारी कमीत कमी तीस वेळा झालं. चहा तीन झाले. दोन बारीक तडे होते त्यांना आतनं स्प्रूसचे ठिगळ लावले, ठिगळाच्या लाकडाची रेषा तड्याला आडवी ठेवून.

सरस ते अजून दाणेदारच आणतात, रात्री भिजत घालतात आणि भांड्यात भांडं ठेवून तापवतात, साठ अंशाच्या वर जाऊ देत नाहीत, उकळला की त्याची ताकद जाते. वास मात्र भयंकर. बायको म्हणाली शर्ट बाहेरच ठेव.

तबली बंद करायला पकडी लागतात, कडेकडेनं पुरत्या. त्यांनी व्हायोलिनच्या होत्या त्याच धर्तीवर उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडनं चाळीस मोठ्या करून घेतल्या, लांब बोल्ट आणि दोन लाकडी चकत्या, आणि चकत्यांना आतनं चामड्याचे तुकडे. चामडं कुठलं तर चपलेच्या कारागिराकडची कात्रणं. कोल्हापुरात बेस दुरुस्त होतो तो असा.

मानेची खाच साफ करून मेपलच्या कागदाएवढ्या पातळ पट्ट्या घालून घट्ट केली, स्क्रू काढून टाकला, भोक बुजवलं. कोन बघायला फिंगरबोर्डवर लांब पट्टी ठेवून ती ब्रिजच्या जागी किती उंचीवर येते ते मोजत होते. चिकटवायच्या आधी कोरडंच सहा वेळा बसवून बघितलं.

आता तक्रारी, आहेत. चार आठवडे म्हणाले होते, नऊ लागले. ऑगस्टच्या सुरुवातीला दिला, ऑक्टोबरात मिळाला. त्यातलं निम्मं कारण मला पटलं, दमट हवेत फुगलेली तबली तशीच बंद केली तर उन्हाळ्यात आकसून फाटेल म्हणून ती सुटी करून बल्बच्या खोलीत ठेवली होती, हवा कोरडी होईपर्यंत थांबले. उरलेलं निम्मं कारण गणपती. दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत. बिल देत नाहीत, वहीच्या पानावर आकडा लिहून देतात. पॉलिशचा टचअप जमलेला नाही, कडेला रंग वेगळा दिसतो, मला चालतंय पण दिखाऊ वाद्य असेल त्यानं आधीच बोलून घ्यावं. पिकअपची (आवाज स्पीकरला नेणाऱ्या यंत्राची) वायर मात्र हातात घेतली नाही, "करंटचं काम आपलं न्हवं". आणि ब्रिज त्यांनी बो डोक्यात ठेवून उंच ठेवला, बोटानं वाजवणाऱ्याला तो जड जातो, त्यासाठी मला परत एक चक्कर मारावी लागली. ते मात्र फुकट करून दिलं, शिवाय ब्रिजच्या पायात उंची कमीजास्त करायच्या चकत्या बसवून घ्या म्हणाले, पावसाळ्यात तबली वर येते उन्हाळ्यात खाली बसते, दर वेळी घासत बसला तर घोडीचा खराटा होईल.

पैसे एकूण साडेबावीस हजार झाले, त्यात पाच आधी दिले होते. पुण्यात ह्याच कामाला बेस न बघताच दुप्पट सांगितले होते.

आज जी साडेसहा, ई साडेनऊ. सगळ्यात फरक खालच्या सुरांत आहे, मोकळी ई आता पोटात लागते, आधी नुसती भुणभुणायची, मला वाटायचं तारा जुन्या झाल्यात म्हणून गेल्या वर्षी नवा सेट पण आणला होता, तो पैसा वायाच गेला म्हणायचा. जानेवारीत हवा कोरडी झाली की साउंडपोस्ट ढिला पडलाय का घट्ट बसलाय बघायला बोलावलंय. तोपर्यंत काठी कधी पडली तर एक काम आधी करा असं बजावलंय, चारी तारा लगेच ढिल्या करायच्या, काठीशिवाय ताणात ठेवला तर जीकडची तबली पण बसेल.

जाणार असाल तर बोळात गाडी जात नाही, कोपऱ्यावर उतरवून दोघांनी उचलून न्यावा लागतो. पाऊस असेल तर प्लास्टिकचा कागद घेऊन जा. आणि गणपतीच्या आधीचे तीन आठवडे अजिबात जाऊ नका, भजनी मंडळांच्या पेट्या दारापर्यंत रांगेत असतात आणि मिस्त्री त्याच आधी घेतात. वाद घालून उपयोग नाही, मी घालून बघितलाय.