पोस्टडॉक की कंपनी: काम कोण थांबवणार ते आधी पाहा

पीएचडी संपत आली की जैववैद्यक क्षेत्रातले बहुतेक जण आधी पगार ताडून पाहतात. त्याला फार वेळ लागत नाही. औषध कंपनीत जास्त, पोस्टडॉकला (म्हणजे पीएचडीनंतर विद्यापीठातल्या लॅबमधल्या हंगामी संशोधनाच्या नोकरीला) कमी, जवळपास सगळीकडे. माझं बोट दुसऱ्याच मुद्द्यावर आहे. या क्षेत्रात हाती घेतलेली बरीचशी कामं मध्येच बंद पडतात. ती कोण बंद करतं आणि कशासाठी, यात विद्यापीठ आणि कंपनी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

विद्यापीठात प्रश्न तुमचा असतो. निदान स्वतःची लॅब मिळाल्यावर तरी. पोस्टडॉक असताना तो बहुतांशी तुमच्या पीआयचाच, म्हणजे लॅबप्रमुखाचाच असतो, आणि हे रुजू होण्याआधी सहसा कोणी बोलून दाखवत नाही. पण एकदा लॅब हाती आली की एखादं प्रथिन पेशीत नेमकं काय करतं, याच्या मागे वीस वर्षं लागलात तरी चालतं. अडतं ते अनुदानापाशी. डग्लस प्रॅशर यांनी जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं, म्हणजे जीएफपीचं, जनुक वेगळं काढलं आणि १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. पुढच्या कामाला पैसे मिळाले नाहीत. त्यांनी ते जनुक मार्टिन चाल्फी आणि रॉजर चेन यांना देऊन टाकलं. २००८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल चाल्फी, चेन आणि ओसामु शिमोमुरा यांना जाहीर झालं, तेव्हा प्रॅशर एका मोटार विक्रेत्याकडे ग्राहकांना ने-आण करणारी व्हॅन चालवत होते. काम चुकलं नव्हतं, पैसा आटला होता.

काटालिन कारिको यांची गोष्ट याच जातीची, शेवट वेगळा. एमआरएनएच्या (पेशीला प्रथिन बनवायची सूचना पोहोचवणाऱ्या रेणूच्या) कामाला अनुदान मिळेना म्हणून १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं. २००५ मध्ये ड्रू वाइसमन यांच्याबरोबर त्यांनी कळीचा निष्कर्ष मांडला, २०१३ मध्ये त्या बायोएनटेक या कंपनीत गेल्या आणि २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. ही गोष्ट चिकाटीचा आदर्श म्हणून सांगितली जाते. निर्णय घेणाऱ्याने मात्र एवढंच पाहावं, की तोच प्रश्न विद्यापीठात ओझं ठरत होता आणि कंपनीला तो हवा होता.

आता कंपनीची बाजू. इथे पैसा, उपकरणं, मदतीचे हात यांची ददात सहसा नसते. रसायनतज्ज्ञ, विषशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ शेजारीच बसलेले असतात, आणि एकट्याने सगळं उरकायची सवय लागलेल्याला हे फार सुखाचं वाटतं. पण प्रकल्प तुमच्या मालकीचा नाही. मानवी चाचण्यांच्या पहिल्या टप्प्यात शिरलेल्या औषधांपैकी ढोबळ मानाने दहातलं एखादंच बाजारात पोहोचतं. फायझर कंपनीचं टोर्सेट्रापिब हे कोलेस्टेरॉलवरचं औषध २००६ च्या डिसेंबरात तिसऱ्या टप्प्यात असताना थांबवलं गेलं. सुमारे १५,००० जणांच्या चाचणीत औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त दिसले. असं थांबणं मनाला पटतं, विदा (डेटा) समोर असते. दुसरा प्रकार पचायला जड. २०१८ च्या सुरुवातीला त्याच कंपनीने अल्झायमर आणि पार्किन्सनवरच्या नव्या औषधांचा शोध बंद करायचं ठरवलं, आणि सुमारे ३०० पदं गेली. प्रत्येकाचा प्रयोग फसला होता असं नव्हे. पैसा दुसरीकडे लावायचा ठरला.

शोधाचं श्रेयही कंपनीत वेगळ्या हिशेबाने मिळतं. कॅरी मलिस यांना १९८३ मध्ये सीटस कंपनीत असताना पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र, सुचलं. कंपनीने त्यांना १०,००० डॉलरचा बोनस दिला आणि पुढे त्याचे हक्क ३० कोटी डॉलरला विकले. (१९९३ च्या नोबेलमधला वाटा मात्र त्यांचाच.) याउलट गर्ट्रूड एलियन यांच्याकडे पीएचडीसुद्धा नव्हती. १९४४ पासून बरोज वेलकम या औषध कंपनीत राहून त्यांनी ल्युकेमियावरचं मर्कॅप्टोप्युरीन, प्रत्यारोपणासाठीचं अ‍ॅझाथायोप्रीन अशी औषधं सहकाऱ्यांसह घडवली आणि १९८८ मध्ये नोबेल मिळवलं. तेव्हा कंपनीत मूलभूत विचार होत नाही, हे विद्यापीठातल्या कॉफीच्या टेबलावरचं मत फारसं मनावर घेऊ नका.

काटेकोरपणाबद्दलही तेच. अ‍ॅम्जेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरच्या ५३ गाजलेल्या शोधनिबंधांतले प्रयोग पुन्हा करून पाहिले. २०१२ मध्ये त्यांनी सांगितलं की फक्त ६ पडताळून आले. कंपनीला अशा निष्कर्षावर पुढची दहा वर्षं आणि प्रचंड रक्कम लावायची असते, म्हणून ती आधी तपासते. विद्यापीठात नव्या निष्कर्षाला जेवढी दाद मिळते, तेवढी जुना पडताळण्याला मिळत नाही.

संगणकावर काम करणाऱ्यांना ही सीमारेषा आज फारशी जाचत नाही. प्रथिनांचा आकार ओळखणारी आल्फाफोल्ड ही संगणक-प्रणाली कंपनीत घडली, त्यासाठी २०२४ च्या रसायनाच्या नोबेलचा अर्धा वाटा डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाला, आणि त्याच पारितोषिकाचा उरलेला अर्धा वाटा विद्यापीठातल्या डेव्हिड बेकर यांना.

परतीची वाट मात्र दोन्हीकडे सारखी नाही. विद्यापीठातून कंपनीत केव्हाही जाता येतं. उलट यायचं तर मधल्या वर्षांत शोधनिबंध हवेत, आणि गोपनीयतेपायी नेमके तेच निघत नाहीत. जेम्स ब्लॅक यांच्यासारखे दोन्हीकडे ये-जा करणारे आहेत, पण हृदयविकारावरचं प्रोप्रानोलोल आणि अल्सरवरचं सिमेटिडीन अशी औषधं खिशात असताना दारं उघडणं सोपं असतं.

म्हणून ज्याला शरीरातल्या एखाद्या यंत्रणेचं कुतूहल झोपू देत नाही, त्याने आधी विद्यापीठ पाहावं आणि पैशाची अनिश्चितता गृहीत धरावी. ज्याला रुग्णापर्यंत काहीतरी पोहोचलेलं बघायचंय, आणि विषय बदलला तरी चालेल, त्याने कंपनी. मुलाखतीत पीआयला विचारा, की तुमचे याआधीचे तीन पोस्टडॉक सध्या कुठे आहेत. कंपनीला विचारा, की गेल्या वेळी प्रकल्प बंद झाला तेव्हा त्यातली माणसं कुठे गेली.