थॅलेसेमिया मायनर 'मुळापासून बरा' करतो म्हणाले आणि २,२०,८०० रुपये नेले

आकडा आधीच सांगते, कारण प्रत्येकजण तोच विचारतो आणि विचारताना चेहऱ्यावर "एवढे दिलेतच कसे?" असं लिहिलेलं असतं. दोन लाख वीस हजार आठशे रुपये. सप्टेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या पाच महिन्यांत. मी एका सहकारी बँकेत सतरा वर्षं काउंटरवर बसते. ओटीपी कुणाला देऊ नका, लिंकवर क्लिक करू नका, हे रोज लोकांना सांगते. तरीही फसले, कारण वाशीच्या उपचार केंद्रातला तो माणूस माझ्याकडे ओटीपी मागत नव्हता. माझी लेक दिवसभर पलंगावर का पडून असते, याचं उत्तर तो देत होता आणि ते उत्तर मला कुणीच देत नव्हतं.

लेक दहावीला होती. आम्ही ठाण्यात, वर्तकनगरला राहतो. नववीच्या शेवटापासून तिचं सुरू झालं. शाळेतून आली की दप्तर टाकून झोपायची. दोन जिने चढले की धाप, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, पोटऱ्या दुखायच्या, कंगव्यात केसांचे पुंजके. मे महिन्यातल्या उकाड्यात पंखा बंद कर म्हणायची. (हे वाक्य लक्षात ठेवा.) पाळी आली की आठ-नऊ दिवस. हिमोग्लोबिन १०.६ निघालं. आमच्या डॉक्टरांनी तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या, फरक शून्य. मग जुलैमध्ये वेगळी रक्ततपासणी करायला सांगितली, त्यात एचबीए-टू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ५.४ टक्के आलं. साडेतीनच्या वर म्हणजे थॅलेसेमिया मायनर. आई किंवा वडील, एकाकडूनच सदोष जनुक आलं तर मायनर; दोघांकडून आलं तर मेजर, तो रक्ताचा गंभीर आजार. लाल पेशी ५.७१, एमसीव्ही (पेशीचा सरासरी आकार) ६३.२, म्हणजे पेशी भरपूर पण आकाराने लहान. मग आमची दोघांची तपासणी झाली. तिला हे यांच्याकडून आलं होतं, माझा रिपोर्ट साफ.

डॉक्टर म्हणाले, "मायनर आहे, काही होत नाही, विसरून जा." बरोबरच होतं ते. पण मी विचारलं, मग ही झोपून का असते? त्यावर, "अभ्यासाचा ताण, मोबाइल कमी करा." दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी फाइलवरचा 'मायनर' शब्द वाचला आणि म्हणाले, "यामुळेच थकवा." एक म्हणतो काही होत नाही, दुसरा म्हणतो सगळं यामुळेच. तिसरी तपासणी कुणी लिहून दिली नाही. या मधल्या फटीत तो वाशीचा माणूस शिरला.

रात्री मोबाइलवर थॅलेसेमिया शोधत बसायचे मी. दोन दिवसांत व्हिडिओ समोर यायला लागले, पुढे फोन. "ताई, मायनर म्हणून गाफील राहू नका, पाळी सुरू झालेल्या मुलींमध्ये हेच पुढे मेजर होतं." आणि मग हळू आवाजात, "उद्या लग्नाचं बघाल तेव्हा काय सांगणार?" आई असलेल्या बाईला कुठे टोचायचं, याचं शिक्षण घेतलेली मुलगी होती फोनवर. आत्ता इथेच लिहून ठेवते: मायनरचं मेजर कधीच होत नाही. जन्मताना जे जनुक मिळालं तेच आयुष्यभर राहतं. लग्नाआधी नवऱ्या मुलाची एचबीए-टू तपासायची, एवढंच. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि गरोदरपणात लवकर तपासणी करता येते. एवढं वाक्य मला सप्टेंबरमध्ये कुणी शांतपणे समजावलं असतं तर!

वाशी स्टेशनपासून रिक्षाने पाच मिनिटांवर एका व्यापारी संकुलात चौथ्या मजल्यावर त्यांचं केंद्र होतं. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने जायचो. काचेचे दरवाजे, पांढरे कोट, भिंतीवर फ्रेम केलेली प्रमाणपत्रं. नाव वाचलं, नोंदणी क्रमांक शोधला नाही. सल्ल्याचे १,५०० रुपये. मग 'संपूर्ण पेशी तपासणी', १४,८०० रुपये. लेकीच्या हातात धातूची एक दांडी दिली, दीड मिनिट धरायला लावली आणि ३८ पानांचा रंगीत रिपोर्ट छापून दिला. रक्ताचा एक थेंब घेतला नाही. दांडी धरून यकृत, मूत्रपिंड, हाडं, थायरॉइड काहीही तपासता येत नाही, आणि कुणी असा रिपोर्ट हातात ठेवला तर तिथूनच उठा. त्या ३८ पानांत थायरॉइडपुढे हिरवी खूण होती. त्या हिरव्या खुणेने आमचे पाच महिने खाल्ले.

'पहिला टप्पा' ७२,००० रुपयांचा होता. एवढे नाहीत म्हटल्यावर शेजारच्या टेबलावरचा फायनान्सवाला मुलगा उठून आला. आधार, पॅन, फोटो, दहा मिनिटांत कर्ज मंजूर, महिना ६,००० असे बारा हप्ते, व्याज शून्य. दवाखान्यात कर्ज देणारा माणूस टेबल मांडून बसलेला असेल तर सही करू नका. तुम्हाला वाटतं पैसे केंद्राला देतोय. खरं म्हणजे केंद्राला ते त्याच दिवशी मिळून जातात आणि तुम्ही एका तिसऱ्याच कंपनीचे देणेकरी होता. मी बँकेतली. मला हे माहीत होतं. पण लेक बाजूला खुर्चीत डोळे मिटून बसली होती.

पुड्या आल्या, थेंब आले. कशावरच घटक लिहिलेले नव्हते. दिवाळीनंतर 'दुसरा टप्पा', ८६,५००. त्यासाठी माझ्या दोन बांगड्या गहाण ठेवल्या, तेही माझ्याच बँकेत, सहकाऱ्यांसमोर. वर 'पेशीवर्धक' इंजेक्शनं, एक ९,२०० ला, अशी पाच, म्हणजे ४६,०००. कुपीवरचं लेबल सोलून काढलेलं असायचं. विचारलं तर म्हणाले, "आमचा फॉर्म्युला आहे, बाहेर कॉपी होते." तिसऱ्या इंजेक्शननंतर तिचा दंड चार दिवस सुजून होता. औषधाचं नाव, बॅच आणि मुदत दिसत नसेल तर पोराला सुई टोचू देऊ नका, समोर कोट घातलेला कितीही मोठा माणूस असो.

आता तो दिवस सांगते. शनिवार, ११ जानेवारी. सकाळी रक्त घेतलं आणि आम्ही खाली चहा पिऊन वर येईपर्यंत रिपोर्ट तयार. एचबीए-टू २.९. हिमोग्लोबिन १२.४. 'मायनरमुक्त' असं त्यांनी शिक्का मारून दिलं. मला तिथेच रडू आलं. घरी येताना लोकलमध्ये, घणसोलीच्या आसपास, लेक तो कागद बघत होती. ती म्हणाली, "आई, हा माझा जुनाच रिपोर्ट आहे. वरचा बारकोड नंबर तोच आहे. एमसीव्ही पण ६३.२, लाल पेशी पण ५.७१. एचबीए-टू आणि हिमोग्लोबिन, हे दोनच आकडे जाड दिसतायत."

मी काय म्हणाले माहीत आहे? "गप बस. चांगलं झालंय ते बघवत नाही का तुला?"

ती गप्प बसली. तीन आठवडे काही बोलली नाही. पंधरा वर्षांच्या मुलीने धावत्या गाडीत, थकलेल्या डोळ्यांनी जे पाहिलं, ते आकड्यांत आयुष्य काढलेल्या मला दिसलं नाही. दिसलं होतं, खरं सांगायचं तर. दोन आकड्यांची शाई वेगळी आहे हे मलाही दिसलं होतं. चेकवर असा आकडा दिसला असता तर मी तो परत केला असता. पण तोवर २,२०,८०० रुपये गेले होते आणि ते गेले असं मान्य करण्यापेक्षा कागद खरा मानणं सोपं होतं. ज्यांनी पोरासाठी दारोदार हिंडून बघितलंय त्यांना हे कळेल. ज्यांना कळणार नाही, त्यांना मी समजावत बसणार नाही.

परीक्षेच्या दहा दिवस आधी ती बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. तेव्हा माझ्या नणंदेने हाताला धरून ठाण्यातल्याच एका रक्तविकारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाईंनी 'मायनरमुक्त' कागद बाजूला ठेवला, लेकीची मान हाताने तपासली, थंडी वाजते का विचारलं, पाळीचं विचारलं. म्हणाल्या, "मायनर आहे आणि राहणार. पण मायनरला एवढा थकवा येत नाही. मायनर असलेल्या मुलीला दुसरा आजार होऊच शकत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?" टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) ६१ आलं. साधारण पाचच्या आत हवं. थायरॉइड जवळपास बंद पडलेला, मे महिन्यातली ती थंडी त्याचीच. बी-१२ पण कमी. ती टीएसएचची तपासणी ३५० रुपयांना झाली. फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करून घेतलं, कारण मायनरमध्ये पेशी लहान दिसतात म्हणून डोळे झाकून लोह द्यायचं नसतं. साठा कमी असेल तरच द्यायचं.

सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची एक गोळी. एप्रिलअखेरीस ती मैत्रिणींबरोबर तलावपाळीला चालत गेली आणि चालत परत आली.

आता तक्रारीचं. मार्चमध्ये वाशीला गेले तर काचेवरचा बोर्ड खरवडून काढलेला, फोन बंद. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेले. "घटना वाशीत, हद्द आमची नाही." तिकडच्या ठाण्यात, "तुम्ही राहता ठाण्यात, कर्ज ठाण्यात, तिकडे द्या." दोन आयुक्तालयांच्या मध्ये चार वेळा फिरले, चार रजा गेल्या. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवून घेतलीच पाहिजे, ही तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे आणि ती १ जुलै २०२४ पासून लागू आहे, हे छापून नेलं. तो कागद त्यांनी वाचलाही नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वखुशीने दिले ना? मग दिवाणी मामला." स्वखुशीने! खाडाखोड केलेला रिपोर्ट टेबलावर ठेवला होता मी. बारकोडवर बोट ठेवून दाखवलं. "लॅबकडून लेखी आणा." लॅबकडून लेखी आणलं, तो क्रमांक जुलै २०२४ चाच आहे असं. तर म्हणे, "अर्ज ठेवून जा." एका सरकारी कार्यालयाने सात आठवड्यांनी दोन ओळी पाठवल्या, "सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही." मग कुणाच्या येते, हे तिसऱ्या ओळीत लिहायला काय जात होतं? दुसऱ्या कार्यालयातल्या बाबूने विचारलं, "शिकलेल्या दिसता, तरी गेलात?" त्या प्रश्नाला मी अजून रोज रात्री उत्तर देते.

पावत्या जपून ठेवा. माझ्या पावत्यांवर 'आरोग्य सल्ला शुल्क' एवढंच आहे, डॉक्टरचं नाव नाही, औषधाचं नाव नाही. त्या क्षणी टेबलावरच बोला, नाव घाला म्हणा. रोख देऊ नका; माझे ४६,००० रोख गेले आणि त्यातल्या फक्त दोन इंजेक्शनांची पावती आहे. व्हॉट्सॲपवरचे त्यांचे ऑडिओ लगेच दुसरीकडे साठवा, माझे तीन त्यांनी पुसून टाकले.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर एका मुलाने निदान नीट ऐकून घेतलं. त्याने सांगितल्यावर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांच्या आतल्या रकमेला फी लागत नाही, वकील लावायलाच हवा असं नाही, आणि दोन वर्षांच्या आत करायची असते. तक्रार लेकीने टाइप केली. दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी जोडून बारकोडला तिनेच पिवळा रंग दिला. मी तिला काही सांगितलं नाही, तीही काही बोलली नाही. लोकलमधल्या त्या वाक्याबद्दल मी तिची माफी मागितली ती त्या रात्री.

कर्जाच्या कंपनीला केंद्र बंद पडल्याचं लेखी कळवलं. उत्तर आलं, करारानुसार हप्ते चालू राहतील. आज जूनचा नववा हप्ता गेला. तीन राहिले.