रानडुकरं हाकलाले अमेरिकेचे कन्झर्व्हेटिव्ह शो: दोन महिने वापरून रिव्ह्यू

पहिलेच सांगतो, मी काही अमेरिकेचा अभ्यासक नाही. आर्वीकडं सात एकर वावर, कापूस अन् तूर, सोयाबीन निघालं की हरभरा. रानडुकरं अन् रोही (नीलगाय) इतके वाढले की दसऱ्यापासून जागल केल्याशिवाय दाणा घरी येत नाही. २०२४ च्या हंगामात तालुक्यातून ९०० रुपयाचा ब्लूटूथ स्पीकर आणला, मचानीवर टांगला अन् आवाज फुल. स्पीकर कोणत्या कंपनीचा ते विचारू नका, एका पावसात त्याचा एक कान गेला.

गाणे लावून पाह्यले, चार रात्रीत डुकरं सरावले. आपल्या विधानसभेचे भाषणं लावले तर आजूबाजूच्या मचानीवरून शिव्या सुरू, कारण एक याचा कार्यकर्ता तर दुसरा त्याचा. मंग म्हटलं, ज्याच्यावरून गावात कोणीच भांडणार नाही असं काही लावू. ५ नोव्हेंबरले अमेरिकेचं इलेक्शन होतं अन् तिकडचे उजवे, म्हणजे कन्झर्व्हेटिव्ह, लोकं दिवसभर बोलत राह्यतात, त्यांच्या दुपारी बारा वाजता आपल्याइकडं रात्रीचे साडेनऊ, म्हणजे ऐन जागलीच्या टायमावर ताजा माल. ३ नोव्हेंबरले त्यांनी घड्याळं तासभर मागं केले तर माझं बी टाइमटेबल साडेदहावर गेलं, जेवून आरामात जाता आलं.

बेन शापिरो, तो डेली वायर नावाच्या उजव्या मीडिया कंपनीवाला. याले डुकरांच्या बाबतीत पाच पैकी पाच. आवाज बारीक, तेज, मधात श्वास घेते की नाही समजत नाही, अन् थ्रेशर सुरू असल्यासारखा एका दमात मुद्दे बाहेर फेकते. माझं इंग्लिश अकोल्याच्या कृषी विद्यापीठाएवढं, त्यामुळं स्पीड कमी करून ऐकलं तवा कुठं समजलं की माणूस वकिली शिकेल आहे अन् समोरच्याची बाजू मांडतो मांडतो म्हणत तिची चटणी करते. मेगन केली पहिले फॉक्स न्यूज या उजव्या टीव्ही चॅनेलवर होती, आता स्वतःचा शो. बाई रागावली की सरळ रागावते, आडपडदा नाही, मले आवडली. टकर कार्लसन एप्रिल २०२३ मध्ये फॉक्समधून निघाला अन् आता एक्सवर. त्याचं ते मधातच ही ही करून हसणं ऐकून रोही पळत नाही, उभा राहून कान टवकारते. अन् लांबलचक गप्पांचा पॉडकास्टवाला जो रोगन काही पक्का उजवा नाही, पण २५ ऑक्टोबरले ट्रम्पसोबत जवळजवळ तीन तास बसला अन् इलेक्शनच्या आदल्या दिवशी त्याले पाठिंबा देऊन मोकळा झाला. तो तीन तासाचा एपिसोड लावला अन् मीच झोपलो, सकाळी पाहतो तर तुरीच्या दोन ओळी साफ. रोगनले एक स्टार, तो बी गप्पा चांगल्या होत्या म्हणून.

आता मालाबद्दल. हे लोकं टॅक्स, बॉर्डर, महागाई सगळ्यावर बोलतात, पण त्यांचा खरा धंदा मीडियावर राग काढाचा आहे. तासभराच्या शोमधून सीएनएन, एबीसी, न्यूयॉर्क टाइम्सचे नावं काढून टाकले तर वीस मिनिटं उरतील, त्यातले बी दहा ॲडचे. ॲडमध्ये सोनं घ्या, गोळ्या घ्या, अन् पहिले फॉक्सच्या ॲडमध्ये दिसायचा तो माईक लिंडेल उशी विकते. उशीत फोमचे तुकडे, कापूस नाही. इथं आम्ही २०२४ ले कापसाचा हमीभाव ७१२१ का ७५२१ याच्यावर डोकं फोडून रायलो होतो अन् तिकडं देशभक्त लोकं फोमवर झोपून रायले.

राग खोटा आहे असं मात्र म्हणणार नाही. बायडेन थकला हे शो आधीपासून ओरडून सांगत होते, मोठे चॅनेल म्हणत होते की क्लिप कापून दाखवतात. २७ जूनले अटलांटाच्या डिबेटमध्ये साऱ्या जगानं पाह्यलं अन् २१ जुलैले माणूस रिंगणातून बाहेर. इथं उजव्यांचे मार्क कापता येत नाही. सीबीएस चॅनेलचं बी तसंच, कमला हॅरिसले एकच प्रश्न, पण आदल्या दिवशीच्या झलकेत एक उत्तर अन् ७ ऑक्टोबरच्या ६० मिनिट्स या कार्यक्रमात दुसरं. चॅनेल म्हणे एकाच लांब उत्तराचे ते दोन तुकडे होते. असतील, पण मंग पब्लिकले तवाच आख्खं दाखवाचं ना बाप्पा, लपवाले काय झालं? ट्रम्पनं तर १००० कोटी डॉलरचा दावाच ठोकला, ते जरा जास्तच झालं.

१० सप्टेंबरच्या फिलाडेल्फियाच्या डिबेटवरून मात्र ह्यांनी डोकं खाल्लं. एबीसीच्या अँकरनं ट्रम्पलेच मधात टोकलं, हॅरिसले नाही. ऐकताना वाटते बरोबर आहे, पण माणूस करोडो लोकांपुढं म्हणते की ओहायोच्या स्प्रिंगफील्ड गावात बाहेरून आलेले लोकं कुत्रे-मांजरं खाऊन रायले, अन् तिथलं प्रशासन म्हणते असा काही पुरावा नाही, तर अँकरनं काय आरती ओवाळावी?

अन् स्वतःच्या वावरातलं गवत यांना दिसतच नाही. २०२० च्या इलेक्शनमध्ये मतदान यंत्रानं घोळ केला असं फॉक्सवर चालवलं, त्याच्यापायी एप्रिल २०२३ मध्ये यंत्रवाल्या डॉमिनियन कंपनीले ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजा लागले, अन् कोर्टाच्या कागदातून निघालं की काही अँकरचा त्या गोष्टीवर स्वतःचाच विश्वास नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये अजून एक आलं, रशियाच्या सरकारी चॅनेलच्या दोघांवर आरोपपत्र, की टेनेसीच्या एका कंपनीत जवळजवळ १ कोटी डॉलर गुपचूप ओतले अन् त्यातून मोठमोठ्या उजव्या बोलणाऱ्यांचे व्हिडिओ निघाले. ते बोलणारे म्हणे आम्हाले मालूमच नव्हतं पैसा कुठचा. आपल्याइकडं याले पेड न्यूज म्हणतात अन् इलेक्शन आलं की पानठेल्यावरचं पोट्टं बी ओळखते. या विषयावर मी ऐकलं त्या रात्री तरी दोन मिनिटात गाडी पुन्हा सीएनएनवर.

हा सगळा प्रकार सुरू कसा झाला ते मले बरं वाटलं. अमेरिकेत रेडिओ-टीव्हीले दोन्ही बाजू दाखवा असा नियम होता, तो १९८७ मध्ये काढला. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ नावाचा माणूस देशभर रेडिओवर आला अन् मरेपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत, रोज तीन तास बोलला. तिकडचे शेतकरी ट्रॅक्टरवर बसून त्याले ऐकत. १९९६ ले फॉक्स न्यूज आलं. म्हणजे माल मुळात वावरात ऐकाचाच आहे, मी काही येगळं केलं नाही.

पण तक्रार बी तिथंच आहे. एका रात्री शेजारचे काका शेकोटीले आले. म्हणे, "काय लावलं बे हे, कोण भांडून रायलं?" मी म्हटलं, "अमेरिकेचं इलेक्शन आहे काका." दहा मिनिटं ऐकलं, एक अक्षर समजलं नाही, अन् मंग विचारते, "सोयाबीनचं काही बोल्ला का तो?"

नव्हता बोल्ला. ट्रम्प प्रचारात चीनच्या मालावर ६० टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, म्हणून रायला होता. २०१८ मध्ये असंच झालं तवा चीननं अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के लावला, गिऱ्हाईक ब्राझीलकडं वळलं, अन् ट्रम्प सरकारनं आपल्या शेतकऱ्यांसाठी आधी १२०० कोटी डॉलर अन् पुढच्या वर्षी १६०० कोटी डॉलर जाहीर केले. शिकागोच्या वायदेबाजारात सोयाबीनचा भाव हलला की धक्का आमच्या मार्केट यार्डापर्यंत येते. आपल्या सरकारनं १४ सप्टेंबर २०२४ ले बाहेरून येणाऱ्या कच्च्या सोयाबीन तेलावर २० टक्के ड्युटी लावली तरी तवा हमीभाव ४८९२ होता अन् व्यापारी ४ हजाराच्या आसपास बोट दाखवत होते. आयोवा, इलिनॉयचे शेतकरी ज्यांचे भक्त, त्या शोमध्ये दोन महिन्यात सोयाबीन शब्द मी बोटावर मोजून चार वेळा ऐकला. काकाले म्हटलं, "नाही काका, कुत्र्या-मांजराचं बोल्ला." काका बिडी विझवून गेले.

६ नोव्हेंबरले आम्ही कापूस वेचत होतो, दुपारी सव्वाबाराच्या दरम्यान फॉक्सनं ट्रम्प जिंकला सांगितलं, एपी या बातमी संस्थेनं चार वाजता. शेवटी इलेक्टोरल मतं ३१२ विरुद्ध २२६. आयोवात हॅरिस ३ टक्क्यानं पुढं असल्याचा एक सर्व्हे आला होता, तिथं ट्रम्प १३ टक्क्यानं जिंकला, तवा मीडियाची मजा उडवाले या लोकांना आयतंच मिळालं, अन् खरं सांगतो, मले बी हसू आलं.

त्या रात्री शापिरो लावला. खुश. मेगन केली बी खुश. आवाज खाली, मधात हसणं, एकमेकांचं अभिनंदन. बारा वाजेपर्यंत ठीक होतं. मंग बांधाकडून खसखस ऐकू आली, टॉर्च मारला तर सात डुकरं हरभऱ्यात, अन् एक तर मचानीखालीच आरामात उकरून रायलं होतं.

इलेक्शनच्या आधी वापराले साडेचार स्टार, नंतर दीड. स्पीकरचा दुसरा कान बी आता खरखर करते.