पिझ्झा-पास्ता: तिथंच बसून की पार्सल?

धाकट्या जावेचा मिरजेहून फोन, "ताई, शनिवारी सांगलीला विश्रामबागेत जाऊन खायचं की घरी मागवायचं?"

चवीत पार्सल हरतं. खोक्यात वाफ कोंडून पिझ्झ्याचा तळ मऊ पडतो, मोझरेला चीज गार झालं की रबर. पास्त्याचं तर विचारूच नका. मागच्या खेपेला व्हाइट सॉसचा मिरजेपर्यंत सगळा सॉस पिऊन शिऱ्यासारखा गोळा झाला होता. चमचा उभा राहिला त्यात!

खर्चाला पार्सल बरं. तिथं सूप, पोरांचं आइस्क्रीम वाढतंच, वर शनिवारी दारात ताटकळणं.

सासूबाईंना जिना चढवत नसेल तर पार्सल, पण फक्त पिझ्झा. तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर गरम करायचा. पास्त्यासाठी आपण दोघी मंगळवारी दुपारी जाऊ.