मागणीनुसार छापून आलेलं जुनं चरित्र : दोन तारे

पुस्तकबांधणी हा माझा धंदा, त्यामुळे पुस्तक हातात आलं की वाचायच्या आधी मी त्याचा कणा बघतो. हे एक जुनं चरित्र. प्रकाशकाच्या यादीत 'उपलब्ध' म्हणून दिसतं आणि मागणी नोंदवली की एक प्रत छापून येते. प्रकाशकाचं नाव घेत नाही, कारण दुखणं त्याच्या एकट्याचं नाही.

आधी चांगलं सांगतो. ऑफसेटला प्लेटा करून मशिन लावायचा खर्च एक प्रत काढा नाहीतर हजार, तेवढाच. म्हणून वर्षाला पाच-दहा प्रती खपणारं पुस्तक पूर्वी संपलं की संपलंच. डिजिटल छपाईत ती अडचण राहिली नाही. कागदही पिवळसर, डोळ्यांना बरा. एक तारा कागदाला, एक पुस्तक मिळालं म्हणून.

बांधणीत फर्मे, म्हणजे मोठा कागद घडी घालून केलेले पानांचे जुडगे, नाहीतच. सुटी पानं, कणा खरवडून गरम गोंद. याला 'परफेक्ट बाइंडिंग' म्हणतात. नाव ठेवणाऱ्याची कमाल आहे. त्यात कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंचा कल, आडवा गेलाय. तो कण्याला समांतर हवा, नाहीतर पान उलटलं तरी ताठ उभं राहतं, तसंच इथे झालंय. आतला समास एवढासा, की ओळीचं शेवटचं अक्षर खोबणीत जातं. पुढेमागे दुरुस्तीला आलं तर शिवणार कुठे? दोरा ओवायला घडीच नाही.

पण खरं रडगाणं मजकुराचं. जुनी प्रत स्कॅन करून संगणकाकडून अक्षरं ओळखून घेतली आणि मुद्रितशोधकाला दाखवलीच नाहीत. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांच्यात संगणकाची गल्लत होतेच, शिरोरेषेतली फट छपाईत बुजली की झालं. इथे चरित्रनायकाचे थोरले बंधू 'भाऊ' एका अख्ख्या प्रकरणात 'माऊ' झालेत. माऊंनी वडिलांना पत्र लिहिलं, माऊ रागावले, माऊंनी घर सोडलं. प्रसंग गंभीर आहे, पण हसू आवरत नाही.

शेवटी नामसूची बघून कौतुक वाटलं. ते फार टिकलं नाही, कारण पृष्ठांक जुन्या आवृत्तीचेच ठेवलेत. एका नावापुढे ३१२ लिहिलंय, पुस्तक २६४ पानांत संपतं! श्रेयपानावर 'चौथी आवृत्ती' म्हटलंय. पहिली कधी निघाली ते साल गायब.

या बेफिकिरीचं एक कारण करारात सापडतं. पुस्तक छापील मिळेनासं झालं की हक्क लेखकाकडे परत, असं कलम अनेक जुन्या करारांत असतं. एकेक प्रत छापता येऊ लागल्यावर पुस्तक कधी संपतच नाही, आणि हक्क प्रकाशकाकडे पडून राहतात. जाणते लेखक म्हणून आता वर्षाला किमान इतक्या प्रती खपल्या पाहिजेत, असा आकडाच लिहून घेतात.

जुनी पुस्तकं सांभाळायची कशी ते लोब क्लासिकल लायब्ररीकडे बघावं. जेम्स लोबने १९११ साली सुरू केलेली ग्रीक-लॅटिन ग्रंथांची ही माला. ग्रीक हिरव्या रंगात, लॅटिन लाल. डाव्या पानावर मूळ, उजव्यावर इंग्रजी. पाचशेहून जास्त खंड. मार्शल या रोमन कवीच्या अश्लील कवितांसमोर त्यांनी पूर्वी इंग्रजीऐवजी इटालियन भाषांतर छापलं होतं. (इटालियन वाचकांच्या शीलाची काळजी कोणाला नव्हती.) १९९३ मध्ये ते खंड नव्या भाषांतरासह निघाले. म्हणजे जुनं पुस्तक कोणीतरी पुन्हा वाचलं होतं.

हे चरित्र घ्यायचंच असेल, तर विक्रेत्याकडून श्रेयपानाचा आणि सूचीच्या एका पानाचा फोटो आधी मागवा. ग्रंथालयात जुनी प्रत असेल तर सरळ तीच आणा. पानं सुटली असली तरी चालेल, फर्मे असतील तर ती शिवता येतात.